गाब्रिएल लिपमान : चष्म्यावाचून उठावाचे चित्र

भिंतीवर टांगलेली तसबीर आणि भिंतीतील खिडकी ह्यांत भेद कोणता, असे कोणी विचारल्यास लहान मूलही हसेल. परंतु हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. तसबिरीपुढे आपण डावीकडे सरलो काय किंवा उजवीकडे सरलो काय, तिच्यातील झाडाआडचे घर झाडाआडच राहते. खिडकीशी उभे राहून मात्र एक पाऊल बाजूस टाकावे, की झाडाआडचा दरवाजा दिसू लागतो आणि मघा दिसत असलेली विहीर लपून जाते. कारण असे की, खिडकीच्या प्रत्येक बिंदूतून निरनिराळ्या दिशांनी निरनिराळे किरण आत येतात. तसबिरीचा प्रत्येक बिंदू मात्र सर्व दिशांस एकाच रंगाचा प्रकाश पाठवितो. हा भेद नाहीसा करून तसबिरीची खिडकी करण्याचा मार्ग ज्यांनी इ. स. १९०८ मध्ये संपूर्णपणे मांडला, त्या गाब्रिएल लिपमान ह्यांचे चरित्र आम्ही आमच्या वाचकांस सादर करीत आहो. चष्मा न लावता उठाव व खोली दाखविणारे संगणकाचे पडदे गेल्या काही वर्षांत बाजारात आले. ते पाहून मुले हरखून जातात, आणि थोड्या वेळाने डोळे चोळू लागतात. ह्या दोन्ही गोष्टींचे मूळ लिपमान ह्यांच्या त्या विचारात सापडते.

लिपमान ह्यांचा जन्म दिनांक १६ ऑगस्ट १८४५ रोजी लक्झेंबुर्ग देशातील बोनव्हा ह्या गावी झाला. आईबाप फ्रेंच होते व घरी हातमोजे तयार करण्याचा कारखाना होता. मूल तीन वर्षांचे असता, म्हणजे १८४८ साली, कुटुंब पॅरिस येथे येऊन राहिले. प्रथम काही वर्षे मुलाचे शिक्षण आईनेच घरी केले. पुढे तेराव्या वर्षी त्यास नेपोलियन विद्यालयात घातले. तेथे ह्या विद्यार्थ्याची कीर्ती काही विशेष नव्हती. तो विचारी आहे, गणिताची त्यास आवड आहे, परंतु वर्गात त्याचे लक्ष नसते, असा गुरुजनांचा अभिप्राय असे. १८६८ साली तो पॅरिसच्या एकोल नोर्माल ह्या नामांकित शिक्षणसंस्थेत दाखल झाला. आणि तेथून बाहेर पडताना, सरकारी शाळांत शिक्षक होण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागे तीत तो नापास झाला.

हे वाचून आमच्या काही विद्यार्थ्यांस मनातून बरे वाटेल हे आम्ही जाणतो. म्हणून कारणही सांगून टाकतो. लिपमान ह्यांनी अभ्यास केला नाही असे नव्हे. जे विषय मनास भिडले तेवढ्यांचाच त्यांनी केला, आणि बाकीच्यांकडे पाठ फिरविली. त्याच काळात ते एका फ्रेंच शास्त्रीय मासिकासाठी जर्मन भाषेतील निबंधांचा सारांश काढून देत असत. त्यामुळे विद्युत्शास्त्रात जर्मनीमध्ये काय चालले आहे ह्याची माहिती त्यांस त्यांच्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांहून पुष्कळच अधिक होती. परीक्षेत त्या माहितीस गुण नव्हते. गुण नसलेल्या ह्या श्रमाचेच फळ पुढे त्यांच्या पदरी पडले हे खरे. तरी ज्यास शिक्षकाची नोकरी मिळावयाची ती मिळाली नाही, त्या तरुणाच्या घरी ते दिवस कसे गेले असतील ह्याची कल्पना पालकांस करता येईल.

१८७३ साली फ्रेंच सरकारने त्यांस जर्मनीत शास्त्राचे शिक्षण कसे देतात हे पाहण्यासाठी पाठविले. फ्रान्स व जर्मनी ह्यांचे युद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. तरी विद्येच्या घरी हा परका पाहुणा आनंदाने सामावला गेला. हायडेलबर्ग येथे क्यूने व किर्खहोफ, आणि बर्लिन येथे हेल्महोल्ट्झ, असे त्या युगातील थोर पंडित त्यांस लाभले. क्यूने हे शरीरशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनी एक गमतीचा प्रयोग दाखविला. बशीत पाऱ्याचा थेंब ठेवून त्यावर पाणी घातलेले गंधकाम्ल ओतावयाचे आणि लोखंडाच्या तारेने थेंबास हळूच शिवावयाचे. शिवताच थेंब अंग चोरून घेतो व तार दूर होताच पुन्हा पसरतो. पाहणाऱ्यांनी मौज म्हणून पाहावे व घरी जावे असा हा प्रकार; परंतु लिपमान तेथेच अडून बसले. पाऱ्याच्या पृष्ठावरील ताण विजेच्या दाबाबरोबर बदलतो, असे त्यांनी ताडले. हे खरे असेल तर उलट दिशेने, पाऱ्याच्या हालचालीवरून विजेचा दाब मोजता आला पाहिजे. केसासारख्या बारीक काचनळीत पारा भरून त्यांनी तसे यंत्र तयार केले. एका व्होल्टच्या हजाराव्या हिश्शाइतका फरक झाला तरी नळीतील पारा सरकतो आणि सूक्ष्मदर्शकातून तो डोळ्यांस दिसतो. ह्याच विषयावरील प्रबंधास १८७५ साली पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठाने त्यांस डॉक्टरची पदवी दिली.

ह्या यंत्राचा एक उपयोग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८८७ साली लंडन येथे ऑगस्टस वॉलर ह्या वैद्याने लिपमान ह्यांच्या नळीच्या साहाय्याने मनुष्याच्या हृदयातील विद्युत्स्पंदनांची नोंद शरीरास जखम न करता घेतली. पुढे पुढे तर ते आपल्या जिमी नावाच्या कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत उभे करून लोकांस हा प्रयोग दाखवीत. आज इस्पितळात हृदयाचा आलेख काढतात त्याची वंशावळ शोधीत गेल्यास ती हायडेलबर्गच्या त्या पाऱ्याच्या थेंबापाशी पोहोचते.

पुढील वर्षे प्रतिष्ठेची गेली. १८८३ साली ते पॅरिस येथे गणिती पदार्थविज्ञानाचे व १८८६ साली प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले. संशोधनशाळेची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांस सभासद निवडले. ज्यास शाळेत शिकविण्याची परवानगी मिळाली नव्हती तो विद्यापीठात शिकवू लागला. १८८८ साली त्यांचा विवाह कादंबरीकार व्हिक्टर शेरब्युलिए ह्यांच्या कन्येशी झाला. त्यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळालेल्यांत पोलंडहून शिकावयास आलेली एक गरीब मुलगीही होती. तीच पुढे मादाम क्युरी म्हणून जगास माहीत झाली. युरेनियमच्या किरणांविषयीचा तिचा पहिला निबंध १२ एप्रिल १८९८ रोजी अकादमीपुढे ठेवला तो लिपमान ह्यांनीच, कारण तिला स्वतःस तो अधिकार नव्हता. आणि १९०३ साली तिची डॉक्टरच्या पदवीची परीक्षा झाली तेव्हा परीक्षकांचे अध्यक्षही तेच होते. परीक्षेत एकदा पडलेला मनुष्य परीक्षकाच्या खुर्चीवर बसला म्हणजे कसा वागतो हे आम्हांस नेहमी कुतूहलाचे वाटते. ह्या प्रसंगी तरी निकाल उत्तम लागला.

आता त्यांच्या ज्या शोधास नोबेल पारितोषिक मिळाले त्याकडे वळू. छायाचित्रणाची कला तेव्हा पन्नास वर्षांची झाली होती, पण चित्रे काळीपांढरीच निघत. रंग हवे असल्यास कुंचल्याने भरीत. लिपमान ह्यांच्या मनात आले की, रंगद्रव्य मुळीच न वापरता, प्रकाशाच्या लाटांचीच ठशासारखी नोंद काचेवर का घेऊ नये? दोरीचे एक टोक खुंटीस बांधून दुसरे टोक हाताने हलविले असता जाणाऱ्या व परत येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून दोरीवर ठरावीक ठिकाणी फुगवटे व ठरावीक ठिकाणी गाठी उभ्या राहतात, हे मुलांनी खेळताना पाहिलेच असेल. प्रकाशाच्याही अशा उभ्या लाटा होतात असे ओटो वीनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० साली दाखविले. लिपमान ह्यांनी अतिशय बारीक कणांचा पारदर्शक लेप असलेली काच घेतली आणि लेपाच्या मागे पारा भरून त्याचा आरसा केला. आत शिरणारा प्रकाश पाऱ्यावरून परतताना लेपातच उभ्या लाटा तयार होतात. जेथे फुगवटा तेथे चांदीचा थर बसतो. थराथरांतील अंतर प्रकाशाच्या लाटेच्या निम्मे असते, म्हणजे तांबड्या प्रकाशाकरिता एका मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाएवढे. अशी काच धुऊन, वाळवून, पांढऱ्या प्रकाशात धरली की प्रत्येक ठिकाणचे थर आपल्या जोगाच रंग परत पाठवितात. शिंपल्याच्या आतील बाजूस किंवा साबणाच्या फुग्यावर जे रंग खेळतात ते ह्याच जातीचे. तेथे रंग नसतो. असतात ते केवळ थर.

२ फेब्रुवारी १८९१ रोजी त्यांनी सूर्यप्रकाशाच्या सप्तरंगी पट्ट्याचे असे छायाचित्र अकादमीस दाखविले. पुढल्या वर्षी रंगीत काचांची खिडकी, ताटलीतील नारिंगे व एक चित्रविचित्र पोपट ही चित्रे तयार झाली. इतके खरे रंग त्यापूर्वी कोणत्याही चित्रात नव्हते, व पुढेही क्वचितच आले, असे जाणते लोक म्हणतात. तरीही ही पद्धत घरोघर गेली नाही. सुरुवातीस एका चित्रास पंधरा मिनिटे प्रकाश द्यावा लागे. सतरा वर्षांच्या खटपटीनंतर तो काळ भर उन्हात एका मिनिटावर आला. मुले एक मिनिट हालचाल न करता बसत नाहीत हे पालकांस सांगावयास नको. चित्राची प्रत काढता येत नसे. चित्र योग्य कोनात धरले तरच रंग दिसत. जरा कलते झाले की ते उडून जात. १९०७ साली ल्यूमिएर बंधूंनी बटाट्याच्या पिठाचे कण तीन रंगांत रंगवून त्यांच्या थरातून रंगीत छायाचित्रे घेण्याच्या काचा विकावयास काढल्या. त्यांत रंग खरे नव्हते, तीन रंगांच्या ठिपक्यांनी डोळ्यास चकविले होते. पण चित्र कसेही धरले तरी दिसे, आणि लोकांनी ते घेतले. विशेष हे की, लिपमान ह्यांची पद्धत सुधारण्यास पूर्वी ह्याच बंधूंनी हातभार लावला होता. १९०८ साली नोबेल पारितोषिक लिपमान ह्यांस मिळाले, आणि बाजार ल्यूमिएर ह्यांच्या हाती राहिला.

ह्याच १९०८ सालच्या मार्च महिन्याच्या २ तारखेस, पारितोषिकाच्या नऊ महिने आधी, लिपमान ह्यांनी अकादमीपुढे आणखी एक लहान निबंध ठेवला. पारितोषिकाशी त्याचा संबंध नव्हता. आमच्या मते मात्र त्यांचे सर्वांत धाडसी काम हेच होय.

हे धाडस समजण्यास थोडी पूर्वपीठिका हवी. आपले दोन डोळे एकमेकांपासून सुमारे साडेसहा सेंटिमीटर दूर असल्याने दोघांस किंचित निराळी चित्रे दिसतात, व त्यांच्या फरकावरून मन अंतर ओळखते. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन ह्यांनी १८३८ साली हे सिद्ध केले. डाव्या डोळ्यास एक व उजव्यास दुसरे असे चित्र आरशांनी दाखविले म्हणजे सपाट कागदातून वस्तू उठून येते असे त्यांनी दाखविले. पुढे ब्रूस्टर ह्यांनी भिंगांची सुटसुटीत पेटी केली, आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर ती घरोघर पोहोचली. परंतु पेटीस डोळे लावून बसावे लागे, आणि ते एका वेळी एकासच. १९०३ साली अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्ज ह्यांनी पेटीवाचून काम भागविण्याची युक्ती पेटंट केली. आमच्या वाचकांनी गजांच्या खिडकीपासून थोडे दूर उभे राहावे, आणि एकदा एक व एकदा दुसरा डोळा मिटून पाहावे. एका डोळ्यास दोन गजांमधून जो पट्टा दिसतो तो दुसऱ्यास गजाआड जातो. आइव्ह्ज ह्यांनी दोन चित्रांच्या बारीक उभ्या पट्ट्या एकाआड एक बसविल्या आणि पुढे तितकेच बारीक गज ठेवले. डाव्या डोळ्यास डाव्याच पट्ट्या दिसल्या, उजव्यास उजव्याच.

युक्ती चांगली, पण तीत चित्रे दोनच. जागा ठरलेली; मान थोडी हलली की डाव्या पट्ट्या उजव्या डोळ्यात शिरतात व चित्र उलटेपालटे होते. झाडाआडचे घर तर कधीच दिसावयाचे नाही. लिपमान ह्यांस दोन चित्रे नको होती. त्यांस सर्वच्या सर्व हवी होती. त्यांनी माशीच्या डोळ्याकडे पाहावे तसे काचेकडे पाहिले. छायाचित्राच्या काचेवर एका मोठ्या भिंगाऐवजी मिलिमीटरहूनही लहान अशा शेकडो भिंगांची जाळी बसवावी. प्रत्येक भिंग आपल्या जागेवरून दिसणारे समोरच्या देखाव्याचे चिमुकले चित्र आपल्या पाठीशी उमटवील. शेजारच्या भिंगाचे चित्र किंचित निराळे, त्यापलीकडच्याचे आणखी निराळे. चित्रे धुऊन झाल्यावर मागून प्रकाश सोडला की किरण आल्या वाटेने परत निघतील. पाहणाऱ्याच्या डोळ्यास प्रत्येक भिंगातून एकच ठिपका दिसेल, पण तो कोणता हे डोळा कोठे आहे ह्यावर ठरेल. डावा डोळा एक चित्र जुळवील, उजवा दुसरे. मान हलविली की तिसरे. खाली वाकले की चौथे. चष्मा नाही, पेटी नाही. दहा माणसे एकदम पाहोत, प्रत्येकास आपापल्या जागेवरून दिसावे तसेच दिसेल. तसबिरीची खिडकी झाली.

विचार पूर्ण होता. तो उतरविण्यास काच मात्र नव्हती. शेकडो सारखी भिंगे, एकही वाकडे न बसविता, एका पाटीवर ओतण्याचे कसब त्या काळच्या कोणत्याही कारखान्यात नव्हते. लिपमान ह्यांनी थोड्याशा भिंगांवर प्रयोग करून तत्त्व खरे असल्याचे पाहिले. मॉस्को येथे सोकोलोव्ह ह्यांनी १९११ साली भिंगांऐवजी सूक्ष्म छिद्रांच्या पाटीवर ते पडताळून दाखविले. एक अडचण तर विचारातच दडलेली होती. किरण आल्या वाटेने परत जातात, म्हणून वस्तू पुन्हा आपल्या मूळ जागी, काचेच्या पुढे, उभी राहते. आणि पाहणारा आता त्या वस्तूच्या पलीकडच्या बाजूस असतो. तेव्हा जे काचेस जवळ होते ते त्यास दूर वाटते, व दूरचे जवळ; नाक आत गेलेले व कान पुढे आलेले असा चेहरा दिसतो. हा दोष हर्बर्ट आइव्ह्ज ह्यांनी १९३१ साली स्पष्ट केला, व चित्राचे पुन्हा तसेच चित्र घ्यावे म्हणजे उलट्याचे सुलट होईल असा उपाय सुचविला. हे हर्बर्ट म्हणजे गजांची युक्ती काढणाऱ्या फ्रेडरिक ह्यांचे चिरंजीव.

लिपमान ह्यांस ते पाहण्याचा योग नव्हता. १९१२ साली ते विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. पुढे महायुद्ध आले व गेले. १९२१ साली मार्शल फायोल ह्यांच्या पुढारीपणाखाली फ्रान्समधून उत्तर अमेरिकेस जे शिष्टमंडळ गेले त्यात पंचाहत्तरीचे लिपमानही होते. परतीच्या प्रवासात जुलै महिन्यात फ्रान्स नावाच्या आगबोटीवर, घर दिसण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला.

चरित्र येथे संपते, परंतु त्यांच्या भिंगांच्या पाटीचे आयुष्य पुढे चालू राहिले, आणि ते सांगितल्यावाचून वाचकांस पडद्यांचा उलगडा व्हावयाचा नाही. संगणकाचा पडदा म्हणजे लक्षावधी प्रकाशबिंदूंची, ज्यांस पिक्सेल म्हणतात त्यांची, रांगोळीच होय. २०११ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने हातात धरून खेळावयाचे ३डीएस नावाचे यंत्र विकावयास काढले. त्याच्या वरच्या पडद्यात आइव्ह्ज ह्यांचेच गज बसविले होते, फरक एवढाच की ते विजेने उभे करता व नाहीसे करता येत. त्या पडद्यात आडवे ८०० बिंदू. पैकी ४०० एका डोळ्यास व ४०० दुसऱ्यास. म्हणजे उठाव मिळाला तो निम्मी बारकाई देऊन. यंत्र बरोबर समोर व ठरलेल्या अंतरावर धरावे लागे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांस उठावाचे चित्र दाखवू नये अशी सूचना कंपनीनेच दिली होती, आणि उठाव कमी करीत अगदी बंद करण्यास बाजूस एक सरकती कळ ठेविली होती. ती कळ पुष्कळदा बंदच राही असे ऐकतो.

लिपमान ह्यांच्या वाटेने गेली ती तोशिबा कंपनी. २०१० साली तिने जपानात २० इंची पडद्याचा दूरचित्रवाणी संच चष्म्यावाचून पाहण्यासाठी काढला. त्याच्या पडद्यापुढे भिंगांची पाटी होती व नऊ निरनिराळ्या दिशांस नऊ चित्रे जात. आमच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडा हिशेब करावा. पडद्यात एकंदर सुमारे ८२ लाख ९४ हजार बिंदू होते. नऊ दिशांत वाटल्यावर प्रत्येकीच्या वाट्यास ९ लाख २१ हजार ६०० आले. इतका भारी पडदा विकत घ्यावा आणि चित्र मात्र त्याच्या नवव्या हिश्शाच्या बारकाईचे पाहावे, असा हा व्यवहार. शिवाय नऊच दिशा, आणि त्याही आडव्याच. खाली वाकल्याने किंवा उंच झाल्याने काही नवे दिसत नसे. पाहणाऱ्याने पडद्यापासून सुमारे ९० सेंटिमीटरवर बसावे अशी शिफारस होती. सारे कुटुंब इतक्या जवळ कसे बसणार?

ही केवळ कारखानदारांची कुचराई नव्हे. वीस सेंटिमीटर रुंदीच्या चित्रावर एकेक मिलिमीटरची भिंगे बसविली तर आडव्या रांगेत २०० च भिंगे मावतात, आणि पाहणाऱ्यास चित्रही तेवढ्याच ठिपक्यांचे दिसते. साध्या फोनच्या पडद्यावरही आडवे हजाराहून अधिक असतात. बारकाई वाढविण्यास भिंगे लहान करावी, तर प्रत्येकामागे मावणारे बिंदू कमी होतात व दिशा कमी पडतात. बिंदूही लहान केले तर निसर्ग आडवा येतो. भिंग फार लहान झाले की प्रकाश त्याच्या कडांवर पसरू लागतो, आणि एका दिशेचा किरण शेजारच्या दिशेत मिसळतो. बारकाई, दिशा व खोली ह्या तिघींस पुरेल एवढे अन्न एका पडद्याच्या शिधापत्रिकेवर मिळत नाही.

डोळे दुखण्याचे कारण निराळेच आहे. खरी वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे तिच्याकडे वळतात आणि त्याच वेळी डोळ्यांतील भिंगेही जवळचे पाहण्यास फुगतात. ही जोडी जन्मभराच्या सवयीने बांधलेली असते. दोन चित्रांच्या पडद्यावर डोळे पुढे आलेल्या चेंडूकडे वळतात, पण प्रकाश निघतो तो पडद्यावरून, म्हणून भिंगास पडद्यावरच नजर ठेवावी लागते. ही ओढाताण काही वेळ चालते, मग डोके दुखू लागते. लिपमान ह्यांच्या संपूर्ण चित्रात ही फारकत असण्याचे कारण नाही, कारण तेथे किरण खऱ्या वस्तूपासून यावेत तसेच येतात. मात्र त्यासाठी डोळ्याच्या एका बाहुलीतच अनेक दिशांचे किरण शिरावे लागतात, आणि नऊ दिशांच्या पडद्यावर ते साधत नाही.

मग लोक ह्या मागे का लागतात? आमच्या समजुतीप्रमाणे एकदा ज्याने चांगला पडदा पाहिला त्यास हा प्रश्न पडत नाही. काचेच्या आत हातभर अंतरावर फूल ठेविले आहे असे दिसावे, मान वळविताच त्याच्या पाकळीमागची पाकळी दिसावी, आणि त्यासाठी नाकावर काही चढवावे लागू नये, ह्यात जे सुख आहे ते हिशेबात मावत नाही. शिवाय हाडांची, रक्तवाहिन्यांची किंवा रेणूंची गुंतागुंत सपाट कागदावर शिकणाऱ्या विद्यार्थ्यास कोणती नळी पुढे व कोणती मागे हे ओळखण्यात किती काळ घालवावा लागतो हे ज्यांनी शिकविले आहे त्यांस ठाऊक आहे. अशा कामास एकच पाहणारा व एकच जागा चालते. खेळास व करमणुकीस ती चालत नाही. आमच्या मते ह्या पडद्यांचे खरे स्थान दिवाणखान्यापेक्षा अभ्यासाच्या मेजावर अधिक आहे.

२०१३ साली निन्टेन्डो कंपनीने तेच खेळ चालविणारे, पण उठाव मुळीच न दाखविणारे स्वस्त यंत्र काढले, आणि २०२० साली ३डीएसची सर्व यंत्रे तयार करणे थांबविले. जपानच्या एनएचके ह्या सार्वजनिक नभोवाणी संस्थेच्या प्रयोगशाळेत मात्र १९९० नंतरच्या दशकापासून लिपमान ह्यांची भिंगांची जाळी चित्रग्राहकापुढे व पडद्यापुढे बसवून हलती चित्रे दाखविण्याचे प्रयोग झाले आहेत. नाक आत व कान पुढे दिसण्याचा जुना दोष त्यांनी खास जातीच्या भिंगांनी काढून टाकला. चित्र अजून हवे तितके बारीक नाही. प्रत्येक भिंगामागे जितके बिंदू हवेत तितके बसविता येतील असा पडदा तयार व्हावयाचा आहे.